सारथ्याला कोण विचारतो?

हल्लीं सुशिक्षितांच्या बैठकींत मोटारीचा विषय निघाला कीं बोलण्याचे दोन सूर ठरलेले असतात. नवी गाडी नुकतीच घरीं आणलेला गृहस्थ तिच्यांतील पडद्याची लांबीरुंदी, छताची सरकती कांच, शब्द ऐकून खिडकी उघडणारी यंत्रणा, यांचें वर्णन लग्नघरच्या रुखवतासारखें करीत असतो. आणि ज्याची गाडी जुनी झाली आहे असा दुसरा गृहस्थ, ह्या विजेच्या खेळण्यांनीं माणसें ऐदी झालीं, पूर्वींचे चालक नुसत्या आवाजावरून इंजिनाची प्रकृति ओळखीत, असे सुस्कारे टाकीत असतो. ह्या दोघांचें कधींच पटत नाहीं. मात्र एका गोष्टींत त्यांचा पूर्ण एकोपा असतो. बाहेर अंगणांत, त्याच गाडीशेजारीं उभा असलेला जो पगारी चालक, त्याला ह्या बाबतींत कांहीं मत असेल, ही कल्पना दोघांच्याहि मनाला शिवत नाहीं.

प्रस्तुत लेखकाचा वाद ह्या एकोप्याशीं आहे. मोटारींत बसविलेल्या नव्या वैद्युत करामतींपैकीं उपकारक कोणत्या आणि अपायकारक कोणत्या, ह्याचा निर्णय आज तीन प्रकारचे लोक करितात: त्या बनविणारे कारखानदार, त्या विकणारे दुकानदार, आणि मागच्या आसनावर बसून पैसे मोजणारे आपण. ज्याचे डोळे रस्त्यावर, हात सुकाणूवर आणि जीव सर्वांच्या पुढें, कांचेपाशीं असतो, त्याला ह्या पंचायतींत जागा नाहीं. रथाच्या बाबतींत आपले पूर्वज इतके बेफिकीर नव्हते. दशरथाचा सुमंत्र जसा सारथि होता तसाच मंत्रीहि होता. अर्जुनानें सारथ्य कोणाच्या हातीं दिलें तें सांगण्याची जरूर नाहीं. आणि शल्यासारखा सारथि लाभल्यामुळें कर्णासारखा वीर अर्धें युद्ध आधींच हरला, हेंहि सर्वांस ठाऊक आहे. घोडे गेले, इंजिन आलें, आणि त्याबरोबर सारथ्याची जागा मंत्रिमंडळांतून अंगणांत आली.

रिसोडसारख्या गांवीं ही गोष्ट विशेष टोंचते. तालुक्याचें ठिकाण असूनहि येथें रेल्वे नाहीं. आगगाडी गांठावयाची तर वाशिमास जावें लागतें. त्यामुळें येथील सोयाबीन नि तूर, येथील रोगी नि विद्यार्थी, येथलीं लग्नाचीं वऱ्हाडें, सारें कांहीं मोटारीच्या चाकांवरून जातें, आणि म्हणून चालक हा येथें एक मोठा वर्गच आहे. बसस्थानकाबाहेर काळीपिवळी घेऊन उभा असणारा, हंगामांत बाजार समितीच्या आवारापाशीं मालट्रकांच्या रांगेंत तिष्ठणारा, डॉक्टरांची वा वकिलांची गाडी हांकणारा, एस. टी.चा गणवेषधारी, अशा दहापांच जणांशीं निवांत बोलावें, म्हणजे यंत्राविषयीं ह्यांना मतें असतात इतकेंच नव्हे, तर तीं आपल्या मतांहून पुष्कळ बारकाईचीं असतात, असें आढळून येतें. 'नवें तेवढें वाईट' असें त्यांतील क्वचितच कोणी म्हणतो. मागचें दाखविणारा कॅमेरा त्यांना मनापासून आवडतो. कारण गाडी मागें घेतांना 'येऊं द्या, येऊं द्या' असें ओरडत चाकांपाशीं उभ्या राहणाऱ्या क्लीनरचा जीव त्यामुळें वांचतो, हें त्यांना पुस्तक न वाचतां कळतें. सुकाणूला मिळणारें यांत्रिक साहाय्य, ज्याला सारेच 'पॉवर स्टिअरिंग' म्हणतात, त्याविषयीं बोलतांना जुन्या ट्रकवाल्याचा हात नकळत स्वतःच्या खांद्याकडे जातो.

'पूर्वींचे चालक' म्हणून गहिंवरणाऱ्यांनीं तो खांदा एकदां पाहावा. मनुष्याच्या अंगावरचें ओझें यंत्रानें उतरविलें कीं तो ऐदी होतो, हें तत्त्वज्ञान ओझें न वाहणारांचें असतें. इंजिन सुरू करण्यासाठीं पूर्वीं पुढून हँडल मारावें लागे, आणि इंजिनानें उलट झटका दिला कीं मारणाऱ्याचें मनगट मोडे. १९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यानें योजिलेला विजेचा स्टार्टर बसला, आणि तीं मनगटें वांचलीं. आज स्टार्टरला चैन कोण म्हणेल? सुखसोय वेगळी आणि सुरक्षितता वेगळी, अशी जी भिंत आपण बोलण्यांत घालतों, ती बहुधा दुसऱ्याच्या अंगाचा प्रश्न असतो तेव्हांच घालतों.

चालकांचें प्रत्येक मत ब्रह्मवाक्य मानावें, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. ब्रेकच्या बाबतींत त्यांचें एक मत साफ चुकीचें आहे. जोराचा ब्रेक दाबला असतां चाकें जखडतात, गाडी घसरत जाते, आणि जखडलेलीं चाकें सुकाणूला जुमानीत नाहींत. ह्यावर उपाय म्हणून एबीएस नांवाची वैद्युत यंत्रणा बॉश कंपनीनें १९७८ सालीं मर्सिडीझ मोटारींसाठीं बाजारांत आणली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. ती प्रत्येक चाकाची गति मोजते, आणि एखादें चाक जखडूं लागलें कीं त्याच्यावरील ब्रेकचा दाब एका सेकंदांत अनेक वेळां सोडते नि धरते. त्यामुळें पायाखालचें पेडल थरथरूं लागतें. 'ब्रेक एकदम दाबूं नको, पंप करीत दाब' हा उस्तादाचा मंत्र घेऊन तयार झालेला चालक ह्या थरथरीनें दचकतो. कांहीं तरी बिघडलें असें समजून पाय सैल करतो. आणि ज्या क्षणीं यंत्र त्याला वांचवीत असतें, नेमका त्याच क्षणीं त्याचा हात झिडकारतो. मग एबीएस म्हणजे थोतांड, असा शेरा तो मारतो.

हा शेरा चुकीचा खरा. पण त्या चुकीचें खापर कोणाच्या माथीं फोडावयाचें? मालकाच्या गळ्यांत हार घालून, भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसह त्याचें छायाचित्र काढणाऱ्या दुकानदारानें, किंवा त्या मालकानें, चालकाला एखाद्या मोकळ्या मैदानांत नेऊन ती थरथर दहा मिनिटें दाखविली होती काय? गाडीबरोबर येणारें माहितीचें पुस्तक मालकाच्या कपाटांत जातें, आणि तेंहि बहुधा इंग्रजी असतें. ज्याला सांगितलें नाहीं त्याला कळलें नाहीं, म्हणून त्याला अडाणी म्हणावयाचें, हा न्याय वर्गांत चालविला असता तर आम्हां शिक्षकांचे विद्यार्थी केव्हांच पळून गेले असते.

चालकाचा खरा झगडा मुकाट्यानें काम करणाऱ्या यंत्रांशीं नाहींच. त्याचा झगडा बोलघेवड्या यंत्रांशीं आहे. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींना वेगाची सूचना देणारा ध्वनि सक्तीचा झाला. ताशीं ८० किलोमीटर ओलांडले कीं तो अधूनमधून वाजतो, १२० ओलांडले कीं अखंड. हेतु उत्तम. आतां हीच गाडी रिसोडहून मेहकरकडे न्यावी आणि समृद्धि महामार्गावर चढवावी. नागपूरपासून मुंबईकडे जाणारा हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता. डिसेंबर २०२२ मध्यें त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटचा. तेथें सपाटीवर मोटारीला कायद्यानेंच १२० पर्यंत मुभा आहे. म्हणजे शंभराच्या वेगानें, नियमाचें अक्षरशः पालन करीत जाणाऱ्या माणसाच्या कानाशीं हा ध्वनि तासन् तास टुणटुणत राहणार, आणि सांगणार काय, तर तूं कांहींहि अपराध केलेला नाहींस! 'लांडगा आला रे आला' ह्या गोष्टींतल्या पोराला निदान मधून मधून झोप तरी लागत असेल. तिसऱ्या-चौथ्या तासाला त्या कानाला आवाज ऐकूंच येत नाहीं. आणि मग दार नीट न लागल्याचा, इंजिन तापल्याचा, पट्टा न बांधल्याचा जो खरा इशारा, तोहि त्याच बधिर कानावर पडतो. शल्यानें कर्णाला सारेंच खोटें सांगितलें असें नाहीं. अवेळीं सांगितलें, आणि सांगणें थांबविलें नाहीं.

पट्ट्याचा उल्लेख आला आहे, तर त्याविषयीं आपल्याच वर्गाला चार शब्द ऐकविणें भाग आहे. आजचा तीन ठिकाणीं बांधला जाणारा पट्टा नील्स बोलिन ह्या अभियंत्यानें १९५९ सालीं वोल्वो कंपनींत सिद्ध केला. इतकें साधें नि इतकें गुणकारी साधन मोटारींत दुसरें नसेल. तो बांधा म्हणून गाडी ओरडते. आणि तिचें तोंड बंद करण्यासाठीं पट्ट्याच्या खांचेंत खोंचावयाचा धातूचा एक तुकडा बाजारांत उघडपणें मिळत असे. २०२३ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें पांच मोठ्या ऑनलाइन दुकानांना तो विकण्यास मनाई केली. असले तुकडे घरबसल्या मागविणारे काय काळीपिवळीचे चालक होते? ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री मृत्यु पावले. गाडी उत्तम होती. ते मागच्या आसनावर होते, आणि पट्टा बांधलेला नव्हता. त्या वेळीं वर्तमानपत्रांत मागच्या पट्ट्याची आठवडाभर चर्चा झाली, नि विरली. मागें बसणारानेंहि पट्टा बांधावा हा नियम आहे. परंतु चालकानें वळून 'साहेब, पट्टा बांधा' असें म्हणावें, इतकी सलगी आपल्यापैकीं कितीजण त्याला देतात? यंत्र ओरडूं शकतें, त्याला नोकरी जाण्याची भीति नसते. माणसानें गप्प बसावें असा आपला शिरस्ता.

आतां त्या पडद्याकडे वळूं, ज्याच्या कौतुकानें दुकानदाराचें पोट भरतें. हवेचा झोत कमी करणें, कांचेवरचें धुकें घालविणें, रेडिओचा आवाज उतरविणें, हीं कामें पूर्वीं एकेका बटणाचीं होतीं. हात चाचपडत जाई, बटणाला आकार असे, डोळे रस्त्यावरून हलत नसत. पडद्याला आकारच नाहीं. तेथें बोट कोठें पडलें तें पाहिल्यावांचून कळत नाहीं. स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकानें २०२२ सालीं ह्याची परीक्षा घेतली. ताशीं ११० किलोमीटर वेगानें चालतांना अशींच चार साधीं कामें करण्यास २००५ सालच्या, बटणांच्या वोल्वो गाडींत १० सेकंद लागले, आणि गाडी ३०६ मीटर पुढें गेली. सर्वांत मंद ठरलेल्या पडद्याच्या गाडींत जवळजवळ ४५ सेकंद लागले. तेवढ्यांत ती सुमारें १,३७० मीटर गेली. आणि ह्या परीक्षकांना ती गाडी आधीं नीट परिचित करून दिलेली होती. सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर! आमच्याकडील कोणत्याहि रस्त्याचें तेवढें अंतर घ्यावें: त्यांत एक शाळा, दोन गतिरोधक, बिनदिव्याची एक ट्रॅक्टर-ट्रॉली आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करीत बसलेल्या चार म्हशी सहज मावतात.

युरोपांत गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी जी युरो एनकॅप संस्था आहे, तिनें २०२६ पासूनच्या नियमांत वळण्याचे दिवे, धोक्याचे दिवे, कांच पुसणारे वायपर, भोंगा आणि संकटकाळची हांक, ह्यांसाठीं हाताला लागतील अशा खऱ्या कळा असाव्यात, असें धोरण घातलें. थोडक्यांत, रिसोडच्या स्थानकावर चहा पितां पितां जें ऐकूं येतें, त्या निर्णयाला युरोपांतील पंडित बऱ्याच खर्चानंतर आले. आपल्या देशांतहि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही तारे देण्याची योजना सुरू झाली आहे. तिनेंहि हा प्रश्न हातीं घ्यावा, आणि घेतांना रोज बारा तास गाडी चालविणाऱ्यांस आधीं बोलवावें.

रस्त्यावरील पट्टे पाहून स्वतः सुकाणू सांवरणाऱ्या आणि पुढें अडथळा दिसतांच स्वतः ब्रेक लावणाऱ्या गाड्यांबद्दल येथें फार लिहीत नाहीं. महामार्गावर त्यांचा उपयोग आहे, हें चालकहि मान्य करितात. परंतु मुख्य रस्ता सोडून गांवाकडे वळल्यावर जेथें पट्टेच नाहींत, तेथें तो कॅमेरा बिचारा काय वाचणार? पट्टे आधीं रंगवावे, मग वाचणारा विकत घ्यावा, एवढाच त्यांचा अभिप्राय, आणि तो खोडून काढणें मला जमलेलें नाहीं.

ह्या साऱ्यांत सर्वांत लाजिरवाणा वाद ट्रकच्या केबिनींतील वातानुकूलनाचा आहे. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें नियम केला कीं, ३.५ टनांहून अधिक भाराच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनींत वातानुकूलन असलेंच पाहिजे. आणि तो १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना लागू झाला. त्यापूर्वीं, जून २०२३ मध्यें, वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनीं जाहीरपणें सांगितलें होतें कीं मंत्री झाल्यापासून हें त्यांच्या मनांत होतें, परंतु खर्च वाढेल म्हणून कांहीं लोकांनीं विरोध केला. ते मंत्री झाले २०१४ सालीं. म्हणजे नऊ उन्हाळे हा खर्चाचा हिशेब चालला होता. विदर्भांतला उन्हाळा काय असतो तें वाचकांस सांगावयास नको. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हां आपण वाळ्याचे पडदे, कूलर नि बंद दारें यांच्या आड असतों. त्याच वेळीं ट्रकच्या केबिनींत एका बाजूला इंजिनाची धग, डोक्यावर तापलेला पत्रा, खिडकींतून येणाऱ्या झळा, आणि डोक्याला गुंडाळलेला ओला दुपट्टा, जो मालेगांव येण्यापूर्वींच वाळून जातो. अशा स्थितींत मनुष्याचें लक्ष उडतें, हात जड होतात, चीड वाढते. समोरून आपली पांढरी मोटार मुलाबाळांसह येत असते ती ह्याच माणसाच्या समोर.

आणि ह्यावर सुशिक्षितांचा आक्षेप काय? गार हवेंत त्याला झोप लागेल! न्यायाधीशाला, बँकेच्या व्यवस्थापकाला, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला गार हवेंत झोप लागेल, अशी शंका कोणी काढीत नाहीं. प्राध्यापकाच्या बाबतींत ती काढण्यास थोडी जागा आहे, तरी तीहि कोणी काढीत नाहीं. 'पायींची वहाण पायींच बरी' ही म्हण आपण आतां तोंडानें उच्चारीत नाहीं, एवढाच फरक. चालकाला झोप येते ती गारव्यानें नव्हे, चौदा चौदा तास जागें ठेवल्यानें. १९६१ सालच्या मोटर वाहतूक कामगार कायद्यानें दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांबच्या प्रवासाला थोडी सवलत होती. मात्र पांचांहून कमी कामगार असलेला धंदा त्याच्या कक्षेबाहेर राहिला, आणि एकदोन ट्रकांचे मालक तर गांवोगांव. नोव्हेंबर २०२५ मध्यें त्या कायद्याची जागा नव्या कामगार-संहितेनें घेतली. कागद बदलला; पण भाड्याचा ट्रक उद्यां पहांटे अमुक ठिकाणीं पोंचलाच पाहिजे, हा व्यापाऱ्याचा निरोप बदललेला नाहीं.

खर्चाचा मुद्दाहि तपासून पाहावा. गाडी आतां कोठें आहे हें मालकाला घरबसल्या दाखविणारें यंत्र ट्रकमालकांनीं कोणाच्या आग्रहावांचून बसवून घेतलें. त्याचें मासिक भाडें भरतांना कोणी कुरकुर केली नाहीं. गाडी कोठें थांबली, किती वेळ थांबली, हें तें यंत्र अचूक सांगतें. चालकाला उलटी झाली म्हणून थांबली कीं चक्कर आली म्हणून, हें तें सांगत नाहीं, आणि तें विचारणारा फोनहि क्वचितच येतो. चालकावर नजर ठेवणारें यंत्र स्वस्त, आणि चालकाला सुसह्य करणारें यंत्र महाग, असा हा बाजारभाव कारखान्यांत ठरलेला नाहीं; तो आपल्या मनांत ठरलेला आहे.

शिवाय नव्या नियमानें काम संपलें असें समजणें भोळेपणाचें होईल. ती सक्ति नव्या गाड्यांची. १ ऑक्टोबर २०२५ पूर्वीं तयार झालेले ट्रक अजून कित्येक वर्षें चालतील, आणि येत्या हंगामांत येथील बाजार समितीपुढें सोयाबीनच्या पोत्यांसाठीं रांग लागेल ती बहुतांशीं त्यांचीच असेल. त्यांच्या केबिनींत गारव्याचें यंत्र बसवावयाचें कीं नाहीं, निदान छताला उष्णतारोधक अस्तर आणि चालकामागें एक बरा पंखा द्यावयाचा कीं नाहीं, हें कोणत्याहि कायद्यानें सांगितलेलें नाहीं. तें सर्वस्वीं मालकांच्या मर्जीवर आहे. त्या मालकांपैकीं कांहींजण हें मासिक घेतात.